‘सेल्फ-सर्व्हिस’मधला ‘सेल्फ’ कोण?

उडप्याच्या हॉटेलात हल्ली ‘सेल्फ-सर्व्हिस’ची पाटी असते. काउंटरवर कुपन घ्यायचं, प्लेट आपणच उचलायची, जागा आपणच शोधायची. बिल थोडं कमी येतं, वेटरची वाट बघावी लागत नाही, म्हणून आपल्याला ते आवडतंही. पण काउंटर छातीएवढा उंच असेल आणि तुम्ही व्हीलचेअरवर असाल, तर त्या पाटीचा अर्थ एवढाच उरतो की तुम्हाला वाढायला इथे कुणी येणार नाही.

विद्यापीठांच्या ‘एम्प्लॉयी सेल्फ-सर्व्हिस’ पोर्टलबद्दल मला नेमकं हेच म्हणायचं आहे.

आपण विद्यार्थी. त्यामुळे विद्यापीठाची वेबसाइट म्हणजे हॉलतिकीट, निकाल आणि रिव्हॅल्युएशनचा फॉर्म, एवढीच आपली ओळख. पण त्याच वेबसाइटला एक मागचं दार असतं, ते कर्मचाऱ्यांचं. प्राध्यापक, लॅब असिस्टंट, क्लार्क, ग्रंथालयातले कर्मचारी, शिपाई, सगळे तिथून लॉग-इन करतात. रजेचा अर्ज तिथे, पगाराची स्लिप तिथे, फॉर्म १६ तिथे. कर वाचवण्यासाठी केलेल्या गुंतवणुकीची माहिती तिथेच भरायची, पत्ता बदलला तर तिथेच कळवायचं. पूर्वी ही कामं कागदावर व्हायची. आस्थापना शाखेत जायचं, अर्ज द्यायचा, “साहेब सही करतील, उद्या या” हे ऐकायचं. आता ती खिडकी बंद झाली आणि तिचं काम पोर्टलवर आलं. देशातल्या अनेक विद्यापीठांत यासाठी शिक्षण मंत्रालयाच्या प्रकल्पातून तयार झालेली ‘समर्थ’ ही प्रणाली आहे, काही विद्यापीठांनी खासगी कंपन्यांकडून आपापली पोर्टल बनवून घेतली आहेत. महाराष्ट्रात सरकारी कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी ‘सेवार्थ’ आहे आणि शाळांसाठी ‘शालार्थ’.

खिडकी बंद झाली याचं मला वाईट वाटत नाही. उलट रांग गेली, चकरा गेल्या, फाईल हरवणं कमी झालं. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. खिडकीमागचा बाबू जे काम करत होता, ते आता कर्मचाऱ्याने स्वतः करायचं आहे. म्हणजे ज्याला ते पोर्टल वापरता येत नाही, त्याच्यासाठी ना खिडकी उरली, ना पोर्टल. खिडकी बंद करणाऱ्यावर, नव्या दारातून सगळ्यांना आत येता येतंय ना हे बघायची जबाबदारी येतेच. ती कुणाच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही.

आता हे सगळं हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण देते. माझी मावशी लग्न होऊन ग्वाल्हेरला गेली. ती पडावात राहते, स्टेशनपासून जवळ. राणी लक्ष्मीबाईंची समाधी तिथून लांब नाही. पडाव म्हणजे मुक्काम, आणि शहराचा दुसरा मोठा भाग म्हणजे लष्कर. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढलेल्या या शहरात मराठी घरं पिढ्यानपिढ्या आहेत आणि तिथल्या मराठीत हिंदी सहज मिसळलेली असते. मावशीच्या खालच्या मजल्यावर असंच एक जुनं ग्वाल्हेरी मराठी कुटुंब राहतं. त्यातले काका एका विद्यापीठात सहायक आहेत. विद्यापीठाचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण हा प्रश्न त्या एका विद्यापीठाचा नाही. काचबिंदूने काकांची नजर तिशीतच गेली. त्यांना आता दिसत नाही.

काका कॉम्प्युटर आपल्यापेक्षा चांगला वापरतात, हे आधी सांगून टाकते. स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं स्क्रीन रीडर नावाचं सॉफ्टवेअर असतं. त्याच्या जोरावर ते ऑफिसातली पत्रं टाईप करतात, मेल पाठवतात, रेडिओची जुनी नाटकं शोधून ऐकतात. भाजीवाल्याला यूपीआयने पैसे देतात. त्यांच्या स्क्रीन रीडरचा वेग इतका असतो की मला त्यातला एक शब्द कळत नाही, ते मात्र चहा पिता पिता ऐकत असतात. म्हणजे अडचण ‘यांना कॉम्प्युटर येत नाही’ ही नाहीच.

अडचण त्यांच्या विद्यापीठाच्या पोर्टलपाशी सुरू होते. पहिल्याच पानावर वेडीवाकडी अक्षरं ओळखून लिहायचा कॅप्चा आहे आणि तो ऐकायची सोय नाही. चुकीचं भरलं की काही वेळाने खातं लॉक होतं, ते उघडायला अर्ज घेऊन कॉम्प्युटर सेंटरला जावं लागतं. कुणी कॅप्चा भरून दिला आणि आत गेलं, तर रजेच्या फॉर्ममध्ये रकान्यांना नावं नाहीत. म्हणजे डोळ्यांना दिसतात, पण कोडमध्ये जोडलेली नाहीत. त्यामुळे स्क्रीन रीडर प्रत्येक रकान्यावर “एडिट, ब्लँक” एवढंच म्हणतो. ‘पासून’ कुठला, ‘पर्यंत’ कुठला, कळायला मार्ग नाही. तारीख निवडायचं कॅलेंडर फक्त माऊसने उघडतं. ‘सबमिट’च्या जागी एक चित्र आहे, ते वाचताना कसल्यातरी फाईलचं नाव ऐकू येतं. आणि हे सगळं चाचपडत करेपर्यंत वेळ संपतो, पोर्टल आपोआप लॉग-आउट करतं. पगाराची स्लिप डाउनलोड झाली तरी ती पीडीएफच्या आत चिकटवलेलं नुसतं चित्र असते. स्क्रीन रीडरच्या दृष्टीने कोरा कागद.

मग काका काय करतात? शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला पासवर्ड सांगतात. तो सहकारी सुट्टीवर असला की दुसऱ्याला. काका मला म्हणाले, “बेटा, माझा पासवर्ड मला सोडून सगळ्या सेक्शनच्या कामी येतो.” ते हसून म्हणाले. मला हसू आलं नाही.

याचा अर्थ काय होतो, जरा थांबून बघू. काकांना पगार किती, कर्जाचा हप्ता किती कापला जातो, बँकेचा खाते क्रमांक काय, हे सेक्शनमधल्या चारजणांना ठाऊक आहे. काकूंचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा रजेच्या ‘कारण’ या रकान्यात ते कुणीतरी टाईप करायला हवं होतं. म्हणून घरातल्या नातेवाइकांना कळायच्या आधी ते ऑफिसातल्या सहकाऱ्याला सांगावं लागलं. एका वर्षी गुंतवणुकीची माहिती भरायची शेवटची तारीख आली आणि मदत करणारे दोघेही रजेवर होते. माहिती भरली गेली नाही, त्यामुळे पुढच्या पगारातून जादा कर कापला गेला. तो परत मिळतो, रिटर्न भरल्यावर, काही महिन्यांनी. पण तोवर घर चालवायचं असतं ना.

आणि गंमत अशी की याच पोर्टलच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत सूचना आहे: आपला पासवर्ड कुणालाही सांगू नका. म्हणजे जो नियम पाळणं काकांना अशक्य करून ठेवलंय, तो मोडल्याचा ठपकाही उद्या त्यांच्यावरच येऊ शकतो. त्यांच्या लॉग-इनमधून कुणी काही गडबड केली, तर उत्तर त्यांनाच द्यावं लागेल.

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटतं की आंधळ्या माणसासाठी वेगळी वेबसाइट बनवावी लागते. तसं काही नाही. वेबसाइट तीच राहते, फक्त नीट बनवायची. प्रत्येक रकान्याला कोडमध्ये त्याचं नाव जोडायचं. चित्राला पर्यायी मजकूर द्यायचा. जे माऊसने होतं ते सगळं कीबोर्डनेही व्हायला हवं. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या रंगात पुरेसा फरक हवा, साध्या मजकुरासाठी तो किमान ४.५ ला १ असावा असं प्रमाण आहे. वेळ संपत आला तर आधी सांगायचं आणि वाढवून घ्यायची संधी द्यायची. हे सगळं ‘डब्ल्यूसीएजी’ नावाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलेलं आहे. त्याची २.० ही आवृत्ती २००८ सालची, २.१ ही २०१८ ची आणि २.२ ही २०२३ ची. आपल्या सरकारनेही सरकारी वेबसाइटसाठी २००९ मध्येच मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. आणि तपासायला लागणारं साधन? एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन ऑस्ट्रेलियन तरुणांनी तो बनवला, दोघेही स्वतः अंध. त्याचं काम २००६ मध्ये सुरू झालं. म्हणजे विद्यापीठातल्या विंडोजवर चालणाऱ्या कॉम्प्युटरवर तो आज, या मिनिटाला बसवता येतो.

आता आपल्या, म्हणजे भाषेच्या माणसांच्या, जिव्हाळ्याच्या मुद्द्याकडे येते. पोर्टलवर जी परिपत्रकं आणि सूचना टाकल्या जातात, त्या कुठल्या फॉन्टमध्ये असतात? हिंदी पट्ट्यात अजूनही कितीतरी कार्यालयांत कृतिदेव चालतो. आपल्याकडे श्रीलिपी, शिवाजी असे फॉन्ट वर्षानुवर्षं चालले. हे जुने फॉन्ट म्हणजे एक प्रकारचं सोंग आहे. कॉम्प्युटरच्या पोटात रोमन अक्षरंच साठवलेली असतात, फक्त पडद्यावर त्यांना देवनागरी कपडे चढवलेले असतात. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द टाईप केला, तर आत साठतं ते असं: ई, जे, के, बी, एच. डोळ्यांना ‘मराठी’ दिसतं. स्क्रीन रीडर मात्र जे आत आहे तेच वाचणार. त्यामुळे काकांना त्या परिपत्रकात मराठीही ऐकू येत नाही आणि हिंदीही नाही, ऐकू येतो तो नुसता इंग्रजी अक्षरांचा काला.

युनिकोडमध्ये देवनागरी आहे ती पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९१ पासून. तीसपेक्षा जास्त वर्षं झाली. माझ्या जन्माच्या आधीपासून सोय आहे आणि तरी काही ऑफिसांत ‘टायपिस्टला सवय आहे’ म्हणून जुना फॉन्ट चालू राहतो. बरं, काही ठिकाणी युनिकोडमध्ये टाईप करतात, मग प्रिंट काढतात, साहेबांची सही-शिक्का घेतात, तो कागद स्कॅन करतात आणि ते चित्र पोर्टलवर चढवतात. एवढा द्राविडी प्राणायाम करून चांगला वाचता येणारा मजकूर न वाचता येणारा केला जातो! सही हवीच असेल तर डिजिटल सही आहे. तेही नको असेल, तर स्कॅनच्या शेजारी मूळ मजकुराची फाईल ठेवा. त्याला एक पैसा लागत नाही.

अजून एक बारीकशी गोष्ट. पानाची भाषा कुठली, हे कोडमध्ये लिहायचं असतं. ते लिहिलं नाही किंवा मराठी पानावर ‘इंग्रजी’ असं लिहून ठेवलं, की स्क्रीन रीडर चुकीच्या आवाजात वाचायला लागतो. पान हिंदी म्हणून नोंदवलं असेल तर मराठी हिंदी उच्चारांत ऐकावी लागते. आपण ‘मराठी वाचवा’ म्हणून व्याख्यानं ऐकतो, भाषा दिनाला पोस्टर लावतो. मराठी ऐकून वाचणाऱ्या माणसाला ती नीट ऐकू यावी, हाही भाषेचाच प्रश्न आहे असं मला वाटतं.

कायदा काय म्हणतो? कायदा, खरं तर, बराच स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखीव ठेवल्या, त्यातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी व्यक्तींसाठी. कलम २० म्हणतं की सरकारी आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोय आणि अडथळ्यांविना काम करता येईल असं वातावरण दिलं पाहिजे. कलम २३ नुसार अशा प्रत्येक आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमायचा आहे. कलम ४२ माहिती आणि तंत्रज्ञान सर्वांना वापरता येण्याबद्दल आहे.

मग अडलं कुठे? नियमांमध्ये. २०१७ च्या नियमांपैकी नियम १५ मध्ये इमारती, वाहतूक, वेबसाइट वगैरेंचे निकष दिले होते, पण ते बऱ्याच अंशी शिफारशीच्या सुरात होते. पाळले तर उत्तम, नाही पाळले तर कुणी विचारत नाही. राजीव रतुरी यांनी २००५ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती, ते स्वतः दृष्टिहीन आहेत. त्या प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने सांगितलं की नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत आहे. किमान निकष सक्तीचेच हवेत, आणि ते तीन महिन्यांत ठरवा, असा आदेश सरकारला दिला.

त्यानंतर ३० एप्रिल २०२५ रोजी न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाचा निकाल आला. प्रज्ञा प्रसून या ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या याचिकाकर्त्या. बँकेत खातं उघडताना कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून-उघडून दाखवा, असं त्यांना सांगण्यात आलं, आणि ते त्यांना शक्य नव्हतं. दुसरे याचिकाकर्ते अमर जैन, हे अंध वकील. न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि केवायसीबाबत २० निर्देश दिले.

आणि पडावाच्या, म्हणजे मध्य प्रदेशच्या, संदर्भात सगळ्यात महत्त्वाचा निकाल ३ मार्च २०२५ चा. मध्य प्रदेशच्या न्यायिक सेवा नियमांत दृष्टिहीन उमेदवारांना न्यायाधीश होण्यापासूनच वगळलं होतं. एका दृष्टिहीन उमेदवाराच्या आईने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, त्या पत्राचीच याचिका झाली आणि तो नियम रद्द झाला. फार मोठी गोष्ट आहे ही. पण पुढचा प्रश्न असा की उद्या त्या राज्यात एखादी दृष्टिहीन मुलगी न्यायाधीश झाली, आणि तिला स्वतःची रजा टाकायला शिपायाला पासवर्ड सांगावा लागला, तर? नोकरीचं दार कोर्टाने उघडलं. आतल्या खोल्यांच्या कड्या अजून बाहेरूनच लावलेल्या आहेत.

यावर लोक काय काय म्हणतात तेही मी ऐकलंय. त्यातलं काही खरं आहे, म्हणून उत्तर द्यायला हवं.

पहिलं: “असे कर्मचारी असतात तरी किती?” २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यात दृष्टीशी संबंधित दिव्यांगत्व असलेले सुमारे ५० लाख. पण मला आकड्यांवर भांडायचंच नाही. एखाद्या विद्यापीठात असा एकच कर्मचारी असेल. त्याचा पगार मात्र त्याच्यासाठी शंभर टक्के आहे. शिवाय पन्नाशी ओलांडलेल्या, चष्म्याचा नंबर वाढलेल्या कुठल्याही प्राध्यापकांना विचारा, पोर्टलवरची फिकट राखाडी अक्षरं त्यांना दिसतात का. हात फ्रॅक्चर झालेल्याला विचारा, माऊस चालवता येतो का. ज्याला लाल-हिरवा फरक कळत नाही त्याला विचारा, ‘लाल रंगातले रकाने भरा’ या सूचनेचं काय करायचं.

दुसरं: “विद्यापीठांकडे पैसे कुठे आहेत?” हा आक्षेप खोटा नाही. कंत्राटी प्राध्यापकांचे पगार वेळेवर होत नाहीत तिथे पोर्टलची डागडुजी कोण करणार? पण खर्च कधी वाढतो तेही बघा. इमारत बांधून झाल्यावर लिफ्ट बसवायची तर भिंती फोडाव्या लागतात. आराखड्यातच लिफ्ट असेल तर तेवढं अवघड नसतं. आमच्या पॅरिशच्या चर्चला रॅम्प बांधला तेव्हा जुन्या पायऱ्यांचा एक भाग तोडावा लागला होता, नव्या हॉलला तो पहिल्यापासूनच आहे. पोर्टलचंही तसंच. टेंडर काढताना एक अट घाला: स्क्रीन रीडर आणि नुसता कीबोर्ड वापरून रजा, पगाराची स्लिप आणि फॉर्म १६ ही तीन कामं पूर्ण करता आली पाहिजेत, नाहीतर शेवटचं बिल मिळणार नाही.

तिसरं: “कॅप्चा काढला तर सुरक्षेचं काय?” मोबाईलवर ओटीपी तर तुम्ही आधीच पाठवता. मग कॅप्चावर एवढा जीव का? २०२३ च्या २.२ आवृत्तीत लॉग-इनबद्दल वेगळा निकष आहे: आत येण्यासाठी माणसाला कोडी सोडवायला लावू नका, किंवा त्याला दुसरा मार्ग द्या. आणि जे पोर्टल अख्ख्या सेक्शनला एकाचा पासवर्ड पाठ करायला लावतं, त्याने सुरक्षेबद्दल बोलूच नये.

चौथा आक्षेप सगळ्यात गोड आणि म्हणून सगळ्यात अवघड: “अहो, सहकारी मदत करतात ना! माणुसकी आहे अजून.” आहेच. काकांना पासवर्डशिवाय इतर शंभर गोष्टींत मदत करणारी ती माणसं चांगलीच आहेत. पण मदत तेव्हा मदत असते, जेव्हा ती नको म्हणता येते. दर महिन्याला स्वतःचा पगार बघायला दुसऱ्याची सवड शोधावी लागत असेल, तर ते मिंधेपण आहे. तुमचं कुणाशी भांडण झालं, तर तुम्ही त्या दिवशी त्याच्याशी बोलणार नाही. काकांना तीही चैन परवडत नाही, कारण परवा रजा टाकायची आहे. माणुसकीच्या नावाखाली व्यवस्था आपलं काम सहकाऱ्यांवर ढकलते आणि वर त्यांचं कौतुकही करते.

बदल होऊ शकतो याचं उदाहरण आपल्या ख्रिस्ती महाविद्यालयांच्या वर्तुळातच आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये २००३ पासून दृष्टिहीनांसाठी ‘झेवियर्स रिसोर्स सेंटर फॉर द व्हिज्युअली चॅलेंज्ड’ चालतं. प्रा. सॅम तारापोरवाला हे त्यामागचं नाव, ते स्वतः दृष्टिहीन आहेत. पुस्तकं वाचता येतील अशा स्वरूपात देण्यापुरतं ते काम थांबलं नाही. बँका, कायदे, धोरणं इथपर्यंत ते पोहोचलं. कॉलेज हे फक्त डिग्री देण्याचं ठिकाण नसतं, तिथून अशा गोष्टी ढकलता येतात, हे त्यातून शिकण्यासारखं आहे.

मग आपण काय मागायचं? माझ्या मते चार गोष्टी. एक, प्रत्येक विद्यापीठाने आणि कॉलेजने आपलं कर्मचारी पोर्टल प्रत्यक्ष दिव्यांग कर्मचाऱ्यांकडून तपासून घ्यावं आणि त्या वेळेचा त्यांना मोबदला द्यावा. दोन, तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर लॉग-इनच्या पानावरच असावा, पासवर्डच्या आधी, कारण अडचण तिथेच येते. तीन, परिपत्रकं युनिकोडमध्ये आणि मजकूर म्हणूनच टाकावीत. चार, दुरुस्ती होईपर्यंत जुनी खिडकी अशा कर्मचाऱ्यांसाठी उघडी ठेवावी. कागदावरचा अर्ज घ्या, त्यांच्या संमतीने नेमलेल्या एकाच जबाबदार व्यक्तीने तो भरावा. पासवर्ड मागू नये.

आणि आपल्या मंडळासाठीही एक प्रस्ताव आहे. आपलं ई-मासिक येतं, इन्स्टाग्रामवर कविता टाकल्या जातात. कवितेच्या चित्राखाली कविता मजकूर म्हणूनही असावी आणि प्रत्येक छायाचित्राला पर्यायी वर्णन असावं. हे वर्णन कुणी लिहायचं? साहित्याच्या विद्यार्थ्यांनी नाही तर कुणी? चित्रात काय आहे ते दोन ओळींत, नेमक्या शब्दांत, न पाहणाऱ्याला सांगायचं, यापेक्षा चांगला लेखनाचा सराव दुसरा नसेल. पुढच्या अंकापासून सुरुवात करता येईल.

शेवटी एक पाच मिनिटांचं काम सांगते. तुम्ही रोज वापरता ती कुठलीही वेबसाइट उघडा, कॉलेजची असली तर उत्तमच. माऊस बाजूला ठेवा. फक्त टॅब, एंटर आणि बाणाच्या कळा वापरून लॉग-इन करा, एखादा फॉर्म भरा, एक फाईल डाउनलोड करा. बऱ्याच ठिकाणी आपण आत्ता पानावर कुठे आहोत हेच तुम्हाला कळणार नाही. जिथे अडाल ती जागा लिहून ठेवा आणि संबंधित ऑफिसला मेल करा, पानाच्या नावासकट आणि तारखेसकट. नुसतं ‘वेबसाइट खराब आहे’ असं लिहिलं तर कुणी लक्ष देत नाही. ‘रजेच्या फॉर्ममधला तारखेचा रकाना कीबोर्डने उघडत नाही’ असं लिहिलं, तर तो मेल कुणाला तरी पुढे पाठवावाच लागतो. असे वीस-पंचवीस मेल गेले, तर कुठल्यातरी विद्यापीठात कुणीतरी आपला पगार किती आला हे पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाला न विचारता बघू शकेल.